मज्जारज्जूच्या दुखापतीवर दाबाखालचा ऑक्सिजन : भावासाठी ४० सिटिंग घ्यावीत का?

कपाशी_पारोळा (धागाकर्ता), २ डिसेंबर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय २६, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शेळ्यांसाठी निंबाचा पाला काढताना फांदीसकट खाली आला आणि बांधावर पाठीवर पडला. पाठीच्या बाराव्या मणक्याचा, म्हणजे डॉक्टर ज्याला डी-१२ म्हणतात त्याचा, चुरा झाला. तिसऱ्या दिवशी जळगावला शस्त्रक्रिया होऊन सळ्या आणि स्क्रू बसले. हात धडधाकट आहेत. मांड्यांपासून खाली मात्र हालचाल नाही, स्पर्श कळत नाही आणि लघवीला कायमची नळी आहे. मज्जारज्जूला झालेली इजा भरून येण्याची शक्यता फार कमी आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत घरात कोणीच नव्हते, मीही नव्हतो.

दिवाळीत मावसभावाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तीत काचेच्या लांबट नळकांड्यात रुग्णाला झोपवून ऑक्सिजन देतात आणि शेवटी तोच माणूस कठडा धरून चालताना दिसतो. आम्ही त्या केंद्राला फोन केला. एमआरआय न मागताच त्यांनी ४० सिटिंग सांगितली, एका सिटिंगचे ४,५०० रुपये. म्हणजे १,८०,००० रुपये उपचाराचे, आणि परक्या शहरात दोन माणसांचा दोन महिन्यांचा मुक्काम वेगळा. आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. यंदाचा कापूस पीककर्जातच गेला. वडील एक एकर विकायला तयार आहेत आणि इसाराची बोलणीही सुरू झाली आहेत. त्याआधी जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा. या उपचाराने चालता येते का, आणि सात महिन्यांनंतर तो घेण्यात अर्थ आहे का?

गिरणामाई, २ डिसेंबर

भाऊ, मी डॉक्टर नाही, पण हा उपचार जवळून पाहिला आहे. आमच्या यजमानांना मधुमेह आहे. पायाच्या अंगठ्याची जखम पाच महिने भरत नव्हती आणि पाय घोट्यापासून काढावा लागेल असे सांगितले गेले होते. नाशिकला दाबाच्या ऑक्सिजनची ३० सिटिंग घेतली, सोबत जखमेची साफसफाई आणि साखरेवर नियंत्रण होतेच. अंगठा गेला, पण पाऊल वाचले. त्यामुळे हा सगळा फसवणुकीचा धंदा आहे असे कोणी म्हटले तर मला पटणार नाही. जमीन पुन्हा घेता येते, भाऊ पुन्हा मिळत नाही. मी तर जा म्हणेन.

पाणबुडे_निवृत्त, ३ डिसेंबर

मी नौदलात वैद्यकीय सहायक होतो आणि त्यातली काही वर्षे खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या दाबकक्षावर काढली. सध्या चोपड्याला शेती करतो. हा कक्ष करतो तरी काय, हे आधी नीट समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा जाईल.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन तेवढ्यानेच ९७-९८ टक्के भरलेले असते. म्हणून फुप्फुसे चांगली असलेल्या माणसाला घरी सिलिंडर लावून फारसे काही साधत नाही. करोनाच्या दिवसांत सिलिंडरसाठी धावाधाव केलेल्या आपल्या लोकांच्या मनात ऑक्सिजन म्हणजे जीव हे समीकरण पक्के बसले आहे. पण तेव्हा बिघाड फुप्फुसांत होता. दाबकक्षाची युक्ती वेगळी आहे. विहिरीत ३३ फूट पाणी असेल तर तिच्या तळाशी दाब वरच्या दुप्पट, म्हणजे दोन वातावरणांइतका असतो. तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त दाब कक्षात निर्माण करून शुद्ध ऑक्सिजन दिला, की तो हिमोग्लोबिनला बाजूला ठेवून थेट रक्तद्रवात विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन वातावरणांच्या दाबाखाली तो सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जातो. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या आणि तरीही ती दाबकक्षात जिवंत राहिली, ती या विरघळलेल्या ऑक्सिजनवर. गिरणामाईंच्या घरची जखम भरली तीही याच कारणाने, कारण तिथे रक्तपुरवठा अपुरा पडत होता.

आता चालण्याविषयी. कमरेखाली लुळा पडलेला पाणबुड्या कक्षातून स्वतःच्या पायांनी बाहेर आलेला मी पाहिला आहे. खोल पाण्यातून घाईने वर आल्यास रक्तात आणि मज्जारज्जूत नायट्रोजनचे बुडबुडे होतात. दाबाने ते लहान होतात, ऑक्सिजनने विरघळून निघून जातात आणि वेळेवर उपचार मिळाला तर माणूस उभा राहतो. हा मान्यताप्राप्त उपचार आहे. पण तुमच्या भावाच्या मज्जारज्जूत बुडबुडा नाही, तिथे हाडाच्या तुकड्याने धागे चिरडले आहेत. या दोन गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जाताना पाहून मला राग येतो, म्हणून एवढे लांबलचक लिहिले.

त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : कक्षात दाब किती देणार? हवा भरून फुगवायच्या पिशवीसारख्या कक्षात तो १.३ वातावरणांच्या आसपासच असतो. तेवढा दाब जेमतेम दहा फूट पाण्याखाली मिळतो.

कपाशी_पारोळा, ३ डिसेंबर

पाणबुडे काका, आज विचारले. पलीकडच्या ताईंनी "दाब डॉक्टर ठरवतील" म्हणून सांगितले आणि या महिन्यात पैसे भरल्यास पाच सिटिंग मोफत देऊ असे म्हणाल्या. चिरडलेल्या धाग्यांना ऑक्सिजन मिळून ते भरून येत नाहीत का, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

धुळे_फिजिओ, ४ डिसेंबर

मी धुळ्यात फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत झाडावरून, विहिरीत किंवा ट्रॅक्टरखाली जायबंदी झालेले तरुण बरेच असतात. दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वेळेत दडलेले आहे.

मज्जारज्जूची इजा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा मार लागण्याच्या क्षणाचा. दुसरा त्यानंतर काही मिनिटांत सुरू होऊन काही दिवस, कधी आठवडे चालतो : सूज येते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, ऑक्सिजनअभावी शेजारच्या चांगल्या पेशीही मरू लागतात. या दुसऱ्या टप्प्यात जास्तीचा ऑक्सिजन पोचवला तर वाचण्याजोगे काही वाचेल, ही कल्पना अजिबात वेडगळ नाही. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात मेंढ्यांवर, पुढे अनेक ठिकाणी उंदरांवर असे प्रयोग झाले आणि इजेनंतर लवकर उपचार केलेल्या प्राण्यांत फायदाही दिसला. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत, बरेचसे जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, आणि त्यांतही भर इजेनंतरच्या पहिल्या तासांवर वा दिवसांवर आहे. सात महिन्यांनंतर तिथे गुदमरलेल्या पेशी उरलेल्या नसतात. त्या जागी वण असतो, कधी पाण्याने भरलेली पोकळी असते, आणि तुटलेला धागा ऑक्सिजनने सांधला जात नाही. ‘झोपलेल्या पेशी जाग्या होतात’ हे वाक्य तुम्हाला कोणी ऐकवले असेल तर त्या पेशी कुठे आहेत हे एमआरआयवर बोट ठेवून दाखवा, असे त्यांना सांगा.

मग चित्रफितीतला माणूस चालला कसा? इजा अपूर्ण असेल, म्हणजे इजेच्या खाली थोडी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत नैसर्गिक सुधारणा बरीच होते आणि पुढेही काही काळ थोडीथोडी होत राहते. त्याच काळात कोणी ऑक्सिजन घेतो, कोणी काढा घेतो, कोणी नवस करतो, आणि श्रेय शेवटच्या गोष्टीला जाते. तुमच्या भावाची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे ‘आशिया’ नावाच्या तपासणीने ए ते ई या श्रेणींत ठरवतात. टाचणी आणि कापसाने अंगभर संवेदना पाहतात, स्नायूंची ताकद मोजतात आणि गुदद्वाराजवळची संवेदना व आकुंचन तपासतात. ही शेवटची तपासणी लाजेखातर पुष्कळदा राहून जाते, आणि सगळे तिच्यावरच अवलंबून असते. ती झाली आहे का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली ग्राहकांना सावध करताना ज्या आजारांवर हा उपचार सिद्ध झालेला नाही त्यांची यादी दिली होती, त्या यादीत मज्जारज्जूची इजा स्पष्टपणे आहे.

सातपुडा_पायथा, ४ डिसेंबर

फिजिओताईंचा आदर ठेवून लिहितो. ऑक्सिजनवर कोणाचे पेटंट नाही, म्हणून त्यावर मोठ्या चाचण्यांसाठी कोणती कंपनी पैसा घालणार? पुरावा नाही याचा अर्थ गुण नाही असा होत नाही. शिवाय ॲलोपॅथीने ज्याला हात टेकले त्या माणसाने काहीच करू नये काय? अपाय तर काही नाही ना, मग करून पाहायला काय हरकत आहे?

धुळे_फिजिओ, ५ डिसेंबर

पेटंटचा मुद्दा अर्धा मान्य. पैसा नसल्यामुळे चाचण्या रखडतात हे खरे आहे. तरीही एका चाचणीची गोष्ट ऐका, कारण ती कंपनीच्या पैशावर नव्हे तर पालकांच्या आग्रहातून उभी राहिली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणे) असलेल्या मुलांचे आईवडील ‘आमच्या मुलांत सुधारणा दिसते’ म्हणून सांगत होते. शेवटी १११ मुले घेऊन चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या मुलांना १.७५ वातावरणांवर शुद्ध ऑक्सिजन, निम्म्यांना १.३ वातावरणांवर साधी हवा. दोन्हीकडे ४० सिटिंग. सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि सारखीच झाली. थोडा दाब दिलेली साधी हवाही औषधच आहे, असा युक्तिवाद काहींनी तेव्हा केला आणि आजही करतात. मला त्यातून दिसते ते असे, की दोन महिने आईवडील रोज मुलाजवळ बसले, सगळ्यांचे लक्ष त्याच्यावर राहिले, मुलाला हुरूप आला. ती सुधारणा खोटी नव्हती, पण ती नळकांड्यातून आलेली नव्हती.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. मज्जारज्जूला मार लागल्यावर आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा डोस द्यावा, हे १९९० च्या एका अमेरिकी चाचणीनंतर जगभर रूढ झाले. २०१३ साली तिथल्याच मेंदू-मणका शल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये असे सांगितले, कारण फायद्याचा पुरावा कच्चा आणि जंतुसंसर्ग, रक्तस्राव यांचा धोका पक्का निघाला. त्यामुळे आम्ही आमच्याच औषधांना सूट देतो असे समजू नये.

जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त गुण, या समजुतीविषयीही एक गंमत सांगते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपूर्ण इजा असलेल्या १९ जणांना उलट कमी ऑक्सिजन देऊन पाहिला : ९ टक्के ऑक्सिजनची हवा ९० सेकंद, मग साधी हवा, असे दिवसाला १५ वेळा, पाच दिवस. चालण्याच्या सरावासोबत त्यांचा चालण्याचा दम वाढला. त्यावर संशोधन सुरू आहे आणि ते घरी करण्याची गोष्ट मुळीच नाही. पूर्ण इजेला त्याचाही उपयोग दाखवलेला नाही.

अपायाचे मी सांगण्यापेक्षा ज्यांनी भोगले त्यांनी सांगावे. शिरपूरचे नाना, तुम्ही वाचत असाल तर लिहा.

चाकांवरून_शिरपूर, ६ डिसेंबर

वाचत होतो. बोटे चालत नाहीत, बोलून लिहितो, त्यामुळे वेळ लागला.

२००९ साली मुंबई-आग्रा महामार्गावर आमची जीप उलटली आणि माझी मान सहाव्या मणक्यापाशी गेली. दोन वर्षांनी मी हीच ४० सिटिंग घेतली. केंद्राचे नाव लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात पायांत मुंग्या आल्यासारखे वाटले आणि रात्री आईला फोन करून मी रडलो. त्या मुंग्या आधीही यायच्या, पण आधी मी त्यांच्याकडे लक्ष देत नव्हतो, हे समजायला पुढे वर्ष गेले. चाळिसाव्या सिटिंगनंतर पायाचे एक बोटही हलले नाही.

हरकत काय, असे सातपुडाभाऊ विचारतात. अकराव्या सिटिंगला लघवीची नळी अंगाखाली दुमडली. पाठीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना मूत्राशय तुंबले तरी दुखत नाही, त्याऐवजी रक्तदाब भडकतो, डोके फुटेल असे ठणकते आणि चेहऱ्याला घाम सुटतो. मी आतून ओरडत होतो आणि बाहेरचा मुलगा खुणेने कान मोकळे करायला सांगत होता, कारण त्याला तेवढाच त्रास शिकवलेला होता. कक्ष एकदम उघडता येत नाही, दाब हळूहळू उतरवावा लागतो. बाहेर काढून नळी सरळ केली तेव्हा रक्तदाब १९० च्या वर होता. माझा एरवीचा वरचा आकडा ९० ते १०० असतो.

त्याहून मोठी किंमत प्रवासाची आणि मुक्कामाची. परक्या खोलीतल्या पातळ गादीवर दोन महिने काढले, कुशीवर वळवणारे माणूस एकच, तेही थकलेले. माकडहाडावर जखम झाली. ती हाडापर्यंत गेली आणि भरायला चौदा महिने लागले. चालण्यासाठी गेलो होतो, बसणेही गमावून आलो. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला गुटमन नावाच्या डॉक्टरने दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचा नियम घालून दिला, तोवर आमच्यासारखे बहुतेक जण अशाच जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने मरत असत. दोन तासांचा तो नियम मला कोणत्याही केंद्राने सांगितला नाही, तो मी जखम झाल्यावर वाचला.

पाणबुडे_निवृत्त, ६ डिसेंबर

नानांनी लिहिले त्यात थोडी भर. कानाच्या पडद्याला इजा, नजर काही काळ अधू होणे, क्वचित ऑक्सिजनच्या अतिरेकाने येणारी आकडी, हे त्रास माहीत असलेले आहेत. फुप्फुसातून हवा गळत असेल तर कक्षात जाणे जीवघेणे ठरते. आणि आग. १९९७ साली मिलानच्या एका रुग्णालयात कक्षाला आग लागून ११ माणसे गेली. कोणीतरी हात शेकायचे उपकरण आत नेल्याचा संशय होता. म्हणून आत फक्त सुती कपडे, मोबाइल नाही, डोक्याला तेल नाही, बाम नाही. तुमच्या केंद्राने तेलाविषयी काही विचारले का? आपल्याकडे तेल न लावलेला रुग्ण शोधावा लागतो.

गिरणामाई, ७ डिसेंबर

नानांचे वाचून रात्रभर झोप लागली नाही. मी दोन तारखेला जे ‘जा’ लिहिले ते मागे घेते. आमच्या घरी जखम होती, मज्जारज्जू नव्हता. हा फरक मला ठाऊक नव्हता. एक शंका आहे : नानांची हाडापर्यंतची जखम याच ऑक्सिजनने भरली नसती का?

धुळे_फिजिओ, ७ डिसेंबर

ताई, शंका अगदी योग्य आहे. जखमेखालच्या हाडात चिवट जंतुसंसर्ग असेल आणि शस्त्रक्रिया व प्रतिजैविके देऊनही तो हटत नसेल, तर जोड म्हणून दाबाचा ऑक्सिजन मान्यताप्राप्त उपचारांच्या यादीत आहे. मज्जारज्जूच्या रुग्णाला कक्षात पाठवण्याचे खरे कारण असलेच तर ते हे. अर्थात जखम होऊ न देणे त्याहून स्वस्त आहे.

कपाशीदादा, उपचाराच्या आणि मुक्कामाच्या पैशांचा हिशेब मी दुसऱ्या बाजूने मांडते. हवेची गादी. मापाने बनवलेली हलकी चाकाची खुर्ची आणि तिच्यावर चांगली उशी. कायमच्या नळीऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढायचे शिक्षण; भावाचे हात चांगले आहेत म्हणजे तो आठवड्याभरात शिकेल, आणि मूत्रपिंडांसाठी याहून मोठा उपचार त्याच्या वाट्याला नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी. मुंबईला हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे; तिथे किंवा कोणत्याही मोठ्या सरकारी पुनर्वसन विभागात काही आठवडे राहून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर स्वतः सरकायला शिकवतात. डी-१२ चा माणूस कॅलिपर (पायांना बांधायचे आधार) आणि वॉकर लावून काही पावलेही टाकू शकतो. दमवणारे असते, म्हणून बहुतेक जण शेवटी खुर्चीच वापरतात. या सगळ्याला एकर विकावा लागणार नाही.

चाकांवरून_शिरपूर, ७ डिसेंबर

आणखी एक, ते पुस्तकात सापडणार नाही. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. इजेच्या खाली घाम येत नाही. माझ्यासारख्या मानेच्या माणसाला तर दुपारी ताप चढल्यासारखे होते. तुमच्या भावाला तेवढे होणार नाही, पण तापलेली खुर्ची आणि पत्र्याखालची खोली यांनी कातडी भाजते आणि त्याला ते कळणार नाही. कूलर आधी घ्या.

कपाशी_पारोळा, १६ डिसेंबर

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. फिजिओताईंच्या सांगण्यावरून भावाला धुळ्याला नेऊन आशिया तपासणी करून घेतली. श्रेणी ए निघाली, म्हणजे पूर्ण इजा. तपासणी चालू असताना तो स्वतः सगळे ऐकत होता. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला, "दादा, मला हे जूनमध्येच कळलं होतं, तुम्ही लोक नाराज व्हाल म्हणून बोललो नाही."

वडिलांनी इसाराची बोलणी थांबवली आहेत. आईला पटलेले नाही. ती चित्रफीत अजून रोज पाहते आणि त्या माणसाची आई किती सुखी असेल म्हणते. तिच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. केंद्रातून दोनदा फोन आला, आता दहा सिटिंग मोफत आहेत. दाब किती हे विचारल्यावर फोन ठेवला गेला.

स्वतः नळी घालायला तो चौथ्या दिवशी शिकला. रात्री दोनचा गजर मी लावतो, उठतो तो. जानेवारीत मुंबईला जायचे ठरते आहे. एक अडचण नानांना विचारायची आहे : आमच्या न्हाणीघराचा दरवाजा २४ इंच आहे आणि दुकानदाराकडची सगळ्यात अरुंद खुर्ची २५ इंच. खुर्ची बदलावी की चौकट?

चाकांवरून_शिरपूर, १६ डिसेंबर

चौकट. ३२ इंच करा, आणि उंबरा काढून टाका.